सुटलेला काना

गावात तिला सगळे टाकीबाई म्हणत. नवखा माणूस हे नाव ऐकलं की आधी वर पाण्याच्या टाकीकडे बघायचा. मग कुणीतरी हसून त्याला सांगायचं, की ही टाकी पाण्याची नव्हे, दगड घडवायची. वडिलांनी हातात दिलेली पोलादी टाकी आणि हातोडी घेऊन ही बाई तीस वर्षं दगडावर अक्षरं कोरत आली होती. घरांच्या पाट्या, कोनशिला, थडग्यांवरची नावं, जे येईल ते. अंगाने किरकोळ, पण मनगट असं की लोहारानेही हात मिळवताना जपून मिळवावा.

तिच्या वडिलांना गाव नुसतं मिस्त्री म्हणायचं. मिस्त्री दोन वर्षांपूर्वी गेले, नव्वदी गाठून. त्यांच्या हातून कधी अक्षर चुकलं नाही, अशी त्यांची ख्याती. लोक आपला शब्द पक्का आहे हे सांगायला म्हणायचे, "मिस्त्रीने कोरलंय असं समज!" टाकीबाई हे ऐकतच लहानाची मोठी झाली होती. वडिलांनी तिच्यासाठी मागे फार काही ठेवलं नव्हतं. हत्यारं ठेवली होती आणि हे नाव ठेवलं होतं, आणि तिला ते पुरत होतं.

गावाच्या मधोमध, जिथे तीन गल्ल्या एकत्र येतात, तिथे पुरुषभर उंचीचा काळा दगड उभा होता. त्यावर अकरा नावं. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या लढाईत दोन-सव्वादोनशे घरांच्या या गावातून अकरा जण गेले आणि परत आले नाहीत. गावाने मग आपल्याकडे होतं नव्हतं ते सगळं त्यांच्या नावावर केलं. ओढ्यावरचा पूल एकाच्या नावाचा, मैदान दुसऱ्याच्या, पाण्याचा पंप तिसऱ्याच्या. माणसांना नावं ठेवण्यात हे गाव कुणाला हार गेलं नसतं, पण जागेला नाव ठेवायची वेळ आली की ते या अकरांतलंच असायचं.

पूल टाकीबाईच्या दादाच्या नावाचा होता. दादा गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. तो तिला उचलून अर्धवट घडवलेल्या दगडावर बसवायचा आणि म्हणायचा, "हल नको, तुझाच पुतळा करतोय." तिला दादा म्हणून एवढंच आठवायचं. बाकीचं सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं.

त्या वर्षी गावसभेने ठरवलं, की दगड उजळून घ्यायचा. वाऱ्याने आणि धुळीने अक्षरांच्या कडा बोथट झाल्या होत्या. लांबून वाचता येत नव्हतं. सभेचे अध्यक्ष टाकीबाईच्या कारखान्यात आले. कोंबड्यांचा धंदा, दिवसभर कलकलाटात उभं राहायचं, त्यामुळे हा माणूस शांत खोलीतही ओरडूनच बोलायचा.

"टाकीबाई! तीन आठवड्यांनी स्मृतिदिन आहे! तोवर होईल का?"

"होईल. आणि मला ऐकू येतं."

"तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही मी त्याला! मिस्त्रीचं काम आहे ते!"

तिची मान आपोआप ताठ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने काम धरलं. आधी मऊ ब्रशने आणि पाण्याने अक्षरांतली धूळ, शेवाळ काढायचं. मग बारीक टाकीने अक्षराची दोन्ही अंगं तिरकी घासून मधली धार पुन्हा मिळवायची. घाई करून चालत नाही, टवका उडाला की उडाला. वडिलांच्या रेघेवरून टाकी चालवताना तिला वाटायचं, की आपण त्यांच्या मागून, त्यांच्याच पावलांत पावलं टाकत चाललोय. कुठे ते थांबले, कुठे हत्यार बदललं, सगळं तिला कळत होतं.

पहिल्याच दिवशी सुईणआजी स्टूल घेऊन आली आणि समोर बसली. गावातली अर्धीअधिक माणसं हिच्याच हातांनी या जगात आली होती. बाहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, जिभेने मात्र अजून ताठ. दगडावरचं सातवं नाव तिच्या धाकट्या भावाचं होतं. तो आणि टाकीबाईचा दादा एकाच दिवशी, एकाच गाडीत मारले गेले, म्हणून दगडावर दोघांची नावं खालीवर. सहावं दादाचं, सातवं त्याचं.

"आजी, ऊन लागेल. घरी जा."

"मला ऊन लागत नाही. तू आपलं काम कर."

दोन दिवस ती तशीच येऊन बसली. तिसऱ्या दिवशी दादाचं नाव उजळून झालं. टाकीबाईने घाम पुसला, पाणी प्यायली आणि सातव्या नावाला ब्रश लावायला हात उचलला.

"थांब," सुईणआजी म्हणाली. "हात लावायच्या आधी एक ऐकून घे. ते नाव चुकलंय."

टाकीबाईला वाटलं, आजीला उन्हाने भोवळ आली.

"त्यात एक काना कमी आहे. तिसऱ्या अक्षराचा. माझ्या भावाचं नाव ते नाहीच."

"आजी, काहीतरीच काय बोलता! बेचाळीस वर्षं सगळं गाव हे नाव घेतंय. गल्लीला हेच नाव आहे, बसथांब्याला हेच नाव आहे."

"दगडावर वाचलं म्हणून घेतंय. आधी कोण त्याला नावाने हाक मारत होतं? पोरापासून थोरापर्यंत सगळे त्याला शिट्टी म्हणायचे. खरं नाव घरात आम्हाला ठाऊक, नाहीतर शाळेतल्या मास्तरांना. ते मास्तर बदलून गेले. मग दगड उभा राहिला, लोकांनी वाचलं आणि तेच तोंडात बसलं."

"माझ्या वडिलांच्या हातून अक्षर चुकत नव्हतं." टाकीबाईचा आवाज चढला. "साऱ्या पंचक्रोशीत विचारा."

"मला ठाऊक आहे," आजी शांतपणे म्हणाली. "म्हणूनच तर एवढी वर्षं गप्प बसले."

टाकीबाईने हत्यारं पिशवीत भरली आणि भर दुपारी काम अर्धवट टाकून घरी निघून आली. असं तिने आयुष्यात कधी केलं नव्हतं. वाटेत दादाच्या पुलावर पाववाल्याने हाक मारली, तिने ओही दिली नाही. डोकं नुसतं तापलं होतं. म्हातारीला विस्मरण झालंय, दुसरं काय. गेलेल्या माणसावर आळ घ्यायला काय जातं!

पण कारखान्यात आल्यावर तिला स्वस्थ बसवेना. मिस्त्री कोरण्याआधी प्रत्येक दगडाचा पुऱ्या मापाचा आराखडा कागदावर काढायचे आणि तो कागद जपून ठेवायचे. माळ्यावर पत्र्याच्या नळकांड्यांत वर्षानुवर्षांच्या गुंडाळ्या होत्या. तिने शिडी लावली. तास-दीड तास धूळ खाल्ल्यावर तिला ती गुंडाळी सापडली. जमिनीवर पसरून तिने चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले.

अकरा नावं, वडिलांच्या हातची. सातव्या नावाशी तिने बोट नेलं. तिसऱ्या अक्षरापुढे काना होता. सरळ, टोकदार, काटकोनाचा गुण्या लावून काढलेला.

मग आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि ती उठून तडक चौकात गेली. दिवस कलता होता. ऊन दगडावर तिरपं पडलं होतं आणि तिरप्या उन्हात कोरीव कामातलं काहीही लपत नाही. तिने ओलं फडकं फिरवलं आणि पाहिलं. शिरोरेषा सलग गेली होती. पण तिसऱ्या आणि चौथ्या अक्षराच्या मध्ये, शिरोरेषेखाली, अंगठाभर जागा मोकळी होती. इतकी वर्षं लोकांना वाटत आलं, की मिस्त्रीने अक्षरं ऐसपैस मांडली. तिने कर्कटक लावून जागा मोजली. कागदावरच्या कान्याला लागते तेवढीच, ना सूतभर जास्त ना कमी.

म्हणजे वडिलांनी मांडलं बरोबर होतं. कागदाच्या पाठीला गेरू चोळून अक्षरं दगडावर गिरवली, तेव्हाही काना उमटला असणार. कोरताना तेवढी एक लाल रेघ त्यांना दिसली नाही. घामाने पुसली गेली असेल, नाहीतर डोळ्यांतून पडलेल्या पाण्याने. त्याच्या बरोबर वर दादाचं नाव होतं.

संध्याकाळी ती सुईणआजीच्या घरी गेली. एकच खोली, पण लखलखीत. भिंतीला लावलेल्या कपाटात औषधाच्या बाटल्या उंचीप्रमाणे उभ्या. आजीने न विचारता चहा ठेवला.

"काना आहे," टाकीबाई दारातूनच म्हणाली. "कागदावर आहे. दगडावर राहून गेला."

"बस."

ती बसली. "तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं, आजी? वडिलांनी त्याच दिवशी कोरून दिला असता."

सुईणआजीने दोन पेले भरले आणि समोर येऊन बसली.

"माझ्या आईला वाचता येत नव्हतं. पण भाऊ जायच्या आधी त्याने तिला स्वतःचं नाव लिहायला शिकवलं होतं. म्हणाला, पाकिटावर एवढं आलं तरी पत्र मला पोचेल. तिला तेवढा एकच शब्द वाचता यायचा. दगडावरचं कापड काढलं तेव्हा आम्ही पुढच्याच रांगेत होतो. आईने नाव पाहिलं आणि माझं मनगट असं धरलं, की चार दिवस वळ होता. मी पुढे व्हायला लागले, तर म्हणाली, तोंड उघडशील तर याद राख."

"पण का?"

"तुझे वडील तिथेच बाजूला उभे होते. टोपी हातात, नजर जमिनीवर. एकोणीस दिवस कारखान्याचं दार लावून एकट्याने कोरत होते. मदतीला कुणाला घेतलं नव्हतं. घरी आल्यावर मी आईशी भांडले. ती म्हणाली, त्या माणसाने स्वतःच्या पोराचं नाव कोरलं, आणि त्याच हाताने, डोळेही न पुसता, आपल्या पोराचं कोरायला घेतलं. एक काना सुटला असेल. मी त्या हाताला परत त्या दगडापाशी नेणार नाही. मिस्त्री आहे तोवर या घरातून शब्द बाहेर जायचा नाही." आजीने चहाचा घोट घेतला. "आई गेली, शब्द माझ्याकडे आला. आणि तुझा बाप तरी काय चिवट! नव्वद वर्षं जगला! मला तर वाटायला लागलं होतं, की मीच आधी जाते आणि काना माझ्याबरोबरच जातो."

टाकीबाईला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे चहा सांडला.

वडील स्मृतिदिनाला कधीच जात नसत. त्या दिवशी ते कारखान्यात बसून हत्यारांना धार लावायचे. गाव म्हणायचं, पोराचं दुःख आहे, राहू द्या. त्यांना चूक ठाऊक होती का? ठाऊक असती तर ते गप्प राहिले नसते, एवढं तिला पक्कं वाटत होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी त्या दगडाकडे पुन्हा मान वर करून पाहिलंच नसावं.

"आता गुपचूप कोरून टाक," आजी म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"कळेल. काळ्या दगडात नवा घाव पांढरा दिसतो. आणि गुपचूप का म्हणून? तुमची आई गप्प राहिली हे कुणाला कळायला नको? मी सभेत सांगते."

"वडिलांचं नाव जाईल, पोरी."

टाकीबाई उठली. "बघू किती जातं ते."

सभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. बातमी आधीच फुटली होती, त्यामुळे बसायला बाक पुरले नाहीत. अध्यक्षांनी सुरुवातच वरच्या पट्टीत केली.

"हे बघा! स्मारक म्हणजे पाटी-पेन्सिल नव्हे, आलं मनात की पुसलं, आलं मनात की लिहिलं! आज काना, उद्या कुणी उठेल आणि वेलांटी मागेल! गल्लीला तेच नाव, थांब्याला तेच नाव, लोकांच्या कागदपत्रांवर तोच पत्ता! आणि मुळात मिस्त्रीच्या हातून चूक होईल, हे मला पटतच नाही!"

बऱ्याच माना हलल्या. टाकीबाई उठली. दगड फोडणं तिला सोपं होतं, चारचौघांत बोलणं नाही. तिने कागदाची गुंडाळी फळ्यावर लावली.

"चूक झाली आहे," ती म्हणाली. "माझ्या वडिलांच्या हातून झाली आहे. हा त्यांचा कागद, यात काना आहे. दगडावर त्याच्यासाठी जागाही सोडलेली आहे. फक्त तो कोरायचा राहिला. त्यांच्या कामाचा मान तुम्ही ठेवता, तो मला हवा आहे. पण खोटा नको. त्यांनी त्या एकोणीस दिवसांत काय सोसलं ते मला ठाऊक नव्हतं. ते एका बाईला ठाऊक होतं. तिला एकच शब्द वाचता येत होता, आणि तोच शब्द चुकलेला बघून ती माझ्या वडिलांसाठी मरेपर्यंत गप्प राहिली."

मग तिने सगळं सांगितलं. मनगटावरच्या वळासकट. हॉलमध्ये इतकी शांतता झाली, की अध्यक्षसुद्धा हळू बोलले.

"पुरावा... म्हणजे, आहे का काही? कागदाव्यतिरिक्त?"

सुईणआजीने कनवटीतून घडी घातलेलं एक पत्र काढून पुढे दिलं. "माझ्या भावाचं शेवटचं पत्र. वाचा."

अध्यक्षांनी चष्मा लावला. वाचता वाचता त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "चार ओळींत सात चुका आहेत, आजी."

"शाळेत होता कधी तो? झाडावर असायचा. खाली सही बघा."

सहीत काना होता. ठसठशीत, कागद फाटेल इतका दाबून काढलेला. "बाकी काही येवो न येवो," आजी म्हणाली, "स्वतःचं नाव त्याने कधी चुकवलं नाही."

तेवढ्यात मागच्या रांगेतून बसचा ड्रायव्हर उभा राहिला. एक्केचाळीस वर्षांचा दांडगा गडी. लढाई संपल्यावर जन्मलेल्या पहिल्या मुलांपैकी तो एक, आणि आईबापांनी अभिमानाने त्याला दगडावरचं सातवं नाव ठेवलेलं. गावात त्या नावाचे आणखी दोघे होते.

"सगळं खरं," तो म्हणाला, "पण मग मी कोण? ज्याचं नाव मला दिलं, त्याचं ते नावच नाही! मग मी कुणाच्या नावाने एक्केचाळीस वर्षं हिंडतोय?"

काही जण हसले, पण त्याचा चेहरा रडवेला झाला होता. सुईणआजी काठीवर भार देऊन उठली.

"तू जन्मलास तेव्हा मीच होते तिथे. पाय आधी आला होता तुझा, आई वाचते की नाही अशी वेळ. तुझ्या बापाने नाव सांगितलं तेव्हा माझ्या जिभेवर आलं होतं, की अरे, एक काना घाल. ओठ चावून गप्प बसले. दुसरा जन्मला, तेव्हाही. तिसरा जन्मला, तेव्हाही. तीनदा ओठ चावलाय मी तुम्हा लोकांपायी. पण ऐक. घरी गेल्यावर मी आईला सांगितलं, आपल्या पोराचं नाव ठेवलंय त्यांनी, चुकीचं का होईना. ती काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, बरं झालं, आता निदान मला त्याच्या नावाचं कुणीतरी मोठं होताना दिसेल. तू सायकल शिकलास तेव्हा ती खिडकीतून बघायची. तुझं नाव तुझंच आहे, ते बदलू नकोस. फक्त दगडावरचं तेवढं तिच्या पोराचं असू दे."

ड्रायव्हरने बाहीने नाक पुसलं.

"कोरा," तो म्हणाला. "कुणाचं काही म्हणणं असेल तर त्याने उद्यापासून चालत शहरात जायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीबाई चौकात आली तेव्हा गाव आधीच जमलं होतं. तिने कुणाकडे पाहिलं नाही. वडिलांच्या पेटीतली जुनी टाकी तिने आणली होती, मुठीपाशी त्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत झालेली. कागद लावला, गेरूची रेघ उमटवली, गुण्याने तपासली. मग पहिला घाव घातला. एक काना म्हणजे बोटभर लांबीची उभी रेघ. एरवी तिने ती बघता बघता काढली असती. त्या दिवशी तिने अख्खी सकाळ घेतली. डाव्या अंगाने तिरकं, उजव्या अंगाने तिरकं, धार मिळाली की फुंकर. वडिलांच्या शेजारच्या रेघेइतकीच खोली, तेवढंच टोक. पावडर उडत होती आणि तिच्या पापण्यांवर बसत होती.

संपल्यावर ती मागे सरकली. काळ्या दगडात काना पांढराशुभ्र दिसत होता.

"उठून दिसतोय," अध्यक्ष तिच्या कानाशी म्हणाले, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं. "तेलपाणी लावून जरा काळा करून घ्यायचा का?"

"नाही," टाकीबाई म्हणाली. "दिसू दे. विचारतील, तेव्हा सांगता येईल."

स्मृतिदिनाला नावं वाचण्याचा मान त्या वर्षी ड्रायव्हरला मिळाला. त्याची जीभ जन्मापासून जुन्या नावाला सरावलेली. आठवडाभर त्याने गाडी चालवता चालवता नवं नाव घोकलं, आणि चुकला की प्रवासी मागून एका सुरात त्याला दुरुस्त करायचे. शहरातून येणाऱ्या एका पाहुण्याला वाटलं, की या गाडीत शाळा भरते.

त्या दिवशी टाकीबाई पहिल्यांदाच नातेवाइकांच्या रांगेत उभी राहिली. आजवर वडील जात नसत म्हणून तीही मागे, दुकानाच्या पायरीवर थांबायची. शेजारी सुईणआजी होती. ड्रायव्हरने सहावं नाव वाचलं, टाकीबाईच्या दादाचं. मग त्याने मोठा श्वास घेतला आणि सातवं नाव वाचलं. कान्यासकट, खणखणीत, जरा जास्तच लांबवून. गर्दीतून हुंकार उठला. सुईणआजीने मान वर केली. बेचाळीस वर्षांत चौकामध्ये ते नाव कुणी पहिल्यांदाच घेतलं होतं. तिने टाकीबाईचं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

नंतर लोक येऊन दगडाला हात लावत होते. बऱ्याच जणांनी टाकीबाईला नमस्कार केला. म्हातारा लोहार म्हणाला, "मिस्त्रीचं नाव जाईल म्हणून घाबरली होतीस म्हणे. अगं, आम्ही त्यांना कारागीर समजत होतो. माणूस म्हणून आता कळले."

गल्लीचं नाव बदलायचं नाही, असं सभेत ठरलं होतं. पण महिन्याभराने गल्लीतले लोकच तिच्या दारात आले. पुढे पाववाला.

"आमच्या गल्लीच्या पाटीवरही काना हवा. दगडावर एक आणि पाटीवर दुसरं, हे बरं दिसत नाही. आणि पोस्टमनला काही फरक पडत नाही, तो म्हणतो, मी नाक बघून पत्रं देतो."

"पाटी पत्र्याची आहे. ते रंगाऱ्याचं काम, माझं नाही."

"रंगारी घाबरतोय. म्हणतो, काना वाकडा आला तर गाव मला सोडणार नाही. तू फक्त खडूने रेघ मारून दे, रंग तो भरेल."

ती हसत उठली आणि गुण्या घेऊन निघाली. गल्लीच्या तोंडाशी शिडी लावलेली होती. खाली ड्रायव्हर आणि पाववाला शिडी धरून उभे राहिले आणि कुणी नीट धरली आहे यावरून त्यांचं लगेच वाजलं. रंगारी डबा उघडून जय्यत तयार. टाकीबाई वर चढली, पाटी पुसली आणि खडू टेकवला. समोरच्या खिडकीतून सुईणआजीचा आवाज आला.

"सरळ काढ गं!"

टाकीबाईने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मिस्त्रीची पोर आहे मी!" ती ओरडली आणि वरून खाली एका दमात रेघ ओढली.